खालचा पाइप

काटा केव्हाच मेलाय.
मध्यावर उभा असतो,
कुणाचीच बाजू न घेणाऱ्या पंचासारखा.
मी वासावरून ओळखते:
आधी तापलेला रंग, मग बंबाच्या तळासारखं ओलं लोखंड,
मग बॉनेटच्या फटीतून पांढरी रेघ.
तेवढ्यात चावी फिरवायची.
नंतर फिरवून उपयोग नसतो.

निवतीच्या वाळूत ही जीप होड्या ओढते.
पुढचा गिअर पडला की चारही चाकं दातओठ खातात,
दोर ताणतो, मागून गडी ओरडतात,
आणि सहाव्या होडीला हिला धाप लागते.
पाचवीला नाही. सहावीलाच.

कुडाळच्याने रेडिएटर उकलून धुतला,
जाळीतून मूठभर वाळू आणि एक खेकड्याची नांगी काढली.
सावंतवाडीच्याने पंप बदलला.
तिसऱ्याने थर्मोस्टॅटच उपटला, "कोकणात कशाला हवा?"
आणि उपटलेल्या दाढेसारखा माझ्या हातावर ठेवला.
मी तो खिडकीत ठेवला, मिठाच्या बरणीशेजारी.
भाऊ म्हणाला, भंगारात घाल.
त्याला पोहायला येत नाही, होड्यांचं काय कळणार.

इनास आला तो सायकलवरून, रविवारी, मिस्सा आटपून.
काहीच उघडलं नाही त्याने.
"चालू कर. आता रेस दी. आनी दी."
मग भाच्याला पेडलवर बसवलं आणि मला खाली बोलावलं,
"हयसर ये. बघ."

खालचा पाइप.
गाडी शांत असताना गुबगुबीत, निरोगी.
रेस वाढली तशी त्याची कूस आत गेली,
विडीचा शेवटचा झुरका घेताना
माझ्या काकाचे गाल जायचे तशी.
आणि रेस सोडली की पुन्हा फुगला,
जसं काही घडलंच नाही.
"पाण्याक वाटच नाय गो," इनास म्हणाला,
"तू जोर लावतंस तेव्हाच वाट बंद."

सुरीने पाइप उभा चिरला.
आत स्प्रिंग असायला हवी होती.
वर्तमानपत्रावर चहाच्या पूडीएवढा गंज पडला.

"पाणी खंयचा घालतंस?"

आमची विहीर मचूळ आहे.
त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही,
पाहुण्याला आम्ही ते देत नाही.
बारा वर्षं हिला तेच पाजलं.
मी बोलले नाही. त्यानेही पुन्हा विचारलं नाही.

मग त्याच्या बायकोने दिलेला माडीचा शिरका, पाच लिटर,
अर्धा तास इंजिनात फिरवला.
बाहेर आलं ते पाणी नव्हतं, पातळ झालेला जांभा होता.
तीनदा धुतलं. चौथ्यांदा बादलीचा तळ दिसला.
थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून चहाच्या टोपात सोडला;
उकळी यायच्या आत तो उघडला,
तिसऱ्या उघडतात तसा, न बोलता.
"जिवंत असा," इनास म्हणाला. "परत बसव."
न गंजणारी तार पहारेवर गुंडाळून
त्याने नव्या पाइपला बरगड्या केल्या.
पैसे विचारले तर म्हणाला, सरंगा असला तर ठेव.

गुरुवारी बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला.
ऑक्टोबरातली ती चिकट संध्याकाळ,
समुद्र शिसं ओतल्यासारखा,
आणि अकरा होड्या वर काढायच्या.
पाचवी गेली.
सहावी 'सातेरी प्रसन्न', जाळ्यांनी ओली, सगळ्यांत जड.
मी गिअर टाकला आणि नाक उघडं ठेवलं.
डिझेल. ओला काथ्या. कुणाच्या तरी अंगाला म्हाकुलाचा वास.
बस, एवढंच.
आठव्या होडीला दोर तुटला,
पण तो दोराचा दोष.

काटा अजून मध्यावरच आहे.
मी दुरुस्त केला नाही; पंचाला आता कोण बदलत बसतं.
सीटमागे पंचायतीच्या नळाचा कॅन असतो.
सकाळी आधी तिची टाकी बघते,
मग उरलेल्यात माझा चहा.