अठरा

आमची ओळख मानेपासून सुरू होते.
शिलाईच्या हॉलमध्ये सहा रांगा,
जी ती पुढचीच्या पाठीशी बोलते.
सायरागुलच्या मानेवरचा तीळ मला
तिच्या डोळ्यांच्या रंगाआधी पाठ झाला.

रविवारी बिश्केकहून पहाटेची मिनीबस.
ऑर्डर वेळेत गेली म्हणून भाडं मालकाचं,
जेवण आपापलं.
उमसुनाय एजेंनी डबाभर बोरसोक तळून आणले,
नुरझातने खिसाभर कुरुत, दह्याच्या त्या वाळक्या गोळ्या,
इतक्या खारट, की एक तोंडात टाकली
की बोलणं बंद.
आणि रईसा पेत्रोव्ना, आमची तपासनीस,
हातात काठी, पायात नवे कोरे बूट,
गळ्यात मात्र तीच पिवळी मोजपट्टी.
काढायला विसरली असेल.
कुणी विचारलं नाही.

आला-आर्चाची वाट आधी नदीच्या कडेने.
नदी बर्फाची, दुधात राख कालवल्यासारखी,
आणि आवाज असा,
की आमच्या चाळीस मशीनी एकदम लावल्या
तरी त्याच्यापुढे कुजबुज.
पण या आवाजात कुणाची मान खाली नव्हती.

मग चढण. पुन्हा एकीमागे एक,
पुन्हा पाठीच पाठी.
फक्त या पाठी आता धापा टाकत होत्या,
थांबत होत्या, मागे वळून विचारत होत्या,
"येतेस ना?"

एका दगडावर मार्मोट उभा, जाडजूड,
पोटाशी हात बांधून, थेट मालकासारखा.
त्याने शिट्टी मारली
आणि आम्ही साऱ्याजणी सवयीने थांबलो.
"जेवणाची सुट्टी!" नुरझात म्हणाली.
हसता हसता एजे खालीच बसल्या,
त्यांना उठवायला तिघी लागल्या.

जुनिपरची झुडपं संपली तिथे
सायरागुलने हात वर केला.
समोरच्या घसाऱ्यावर दगड हलल्यासारखे वाटले.
मग दगडांना शिंगं फुटली.
मागे कमानदार वळलेली, गाठीगाठींची.
"तेके," एजे पुटपुटल्या,
दुआ मागताना आवाज होतो ना, तसा.

रानबोकडांचा कळप तिरका चढत होता,
घाई नाही, रेंगाळणं नाही.
रईसा मोजू लागली, रशियनमध्ये, बोटाने,
गठ्ठ्यातले शर्ट मोजते तशीच.
सतरा.
शेवटचा कड्यापलीकडे गेला.
नुरझात पाण्याची बाटली उघडू लागली.

"थांबा," रईसा म्हणाली.

खाली, बरंच खाली, एक मादी होती.
मागचा डावा पाय ती टेकवत नव्हती.
तीन पायांवर एक उडी, मग उभी.
दगड सुटले, ती घसरली,
पुन्हा त्याच जागेवरून सुरुवात.

ही बाई एका सैल टाक्यासाठी
अख्खी बाही उसवायला लावते.
रडलेल्या मुली पाहून चष्मा पुसते
आणि पुढचा शर्ट उचलते.
ती आता मोजपट्टीचं टोक मुठीत आवळून
श्वास धरून उभी होती.
किती वेळ, माहीत नाही.
चहा थर्मासच्या झाकणात गार झाला.

मादी कड्यावर पोचली. एकदा मागे पाहिलं,
आमच्याकडे नसेल, वाऱ्याकडे असेल,
आणि गेली.

"ओन सेगिझ," रईसा म्हणाली.
अठरा. किर्गीझमध्ये.
एकोणीस वर्षं एजे तिच्यासोबत आहेत,
तिच्या तोंडून आमचा आकडा
त्यांनीही पहिल्यांदा ऐकला.

उतारावर एजेंचा गुडघा कुरकुरू लागला.
रईसाने काठी पुढे केली,
"उद्या परत आणायची," म्हणाली,
जरा जास्तच कडक आवाजात.

सोमवारी माझ्या सात बाह्या परत आल्या.
मी म्हटलंच होतं स्वतःला,
डोंगर डोंगराच्या जागी.
सहांवर खडूची नेहमीची फुली.
सातवीवर दोन रेघा,
मागे कमानदार वळलेल्या.

पुढच्या रांगेत तो तीळ हलला.
सायरागुलने वळून पाहिलं.
तिचे डोळे करडे आहेत, हिरव्याकडे झुकणारे.
मी बाही तिला दाखवली,
आणि मग उसवायला घेतली.