शेवटचा कोण?

फुजैराहमध्ये, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत
आमचं टायपिंग सेंटर. तीन टेबलं, एक झेरॉक्स,
दाराशी नंबर देणारं यंत्र.
मी तिसऱ्या टेबलावर. बावीस वर्षं
लोकांचे रकाने भरतो.

नाव. आईचं नाव. जन्मगाव.
नागरिकत्व. इथे लाल चांदणी असते,
म्हणजे हे कोरं सोडता येत नाही.
बाकी माणूस कोरा असला तरी चालतो.

पूर्वी देशांच्या यादीत बोट
दोन-तीन ठिकाणीच थांबायचं.
आता नेपाळ, घाना, फिलिपिन्स, युगांडा.
परवा एकाचा देश मला नकाशात सापडेना.
तो हसला. म्हणाला,
आधी तुझं हर्णै दाखव.

ईदच्या सुट्टीनंतरचा बुधवार,
माणसं दाराबाहेर उन्हात,
आणि एकतिसाव्या नंबरावर
यंत्रातला कागद संपला.
रोल आणायला गेलेला पोरगा परतेना.
मला वाटलं, आता झुंबड.

नामुकासा नावाची एक बाई आत आली,
सगळ्यांकडे बघून म्हणाली, शेवटचा कोण?
कोपऱ्यातून एक हात वर.
बरं, मग मी तुझ्यानंतर.
एवढंच.

मग येणारा प्रत्येक जण तेच विचारू लागला,
तोडक्या अरबीत, त्याहून तोडक्या हिंदीत, नुसत्या भुवयांनी.
आणि जो शेवटचा असेल तो
हात वर करायचा, काही हुद्दा असल्यासारखा,
आणि पुढचा आला की
हुद्दा त्याच्या हवाली करून गप बसायचा.
इतकं शांत सत्तांतर
मी आमच्या ग्रामपंचायतीत पाहिलेलं नाही.

अकराच्या सुमाराला खलफान आले.
पांढरी कंदुरा, काठी, कामवाल्या बाईची कागदपत्रं.
खोलीतले एकुलते नागरिक.
मी खुर्ची सरकवली, या.
मला सवय आहे, त्यांनाही.
त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि
वडिलांनी मुंबईत खजूर विकताना शिकलेली,
घरात उरलेली हिंदी काढली:
आखरी कौन?
टेकबहादुर घर्तीने हात वर केला, जरा घाबरत.
खलफान त्याच्या शेजारी बसले. तासभर.
मधे दोनदा घड्याळ पाहिलं, हेही लिहायला हवं.

त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाले,
या गल्लीत प्रत्येकाच्या आजोबांचं नाव मला ठाऊक होतं.
आता मी हिच्याही आईचं नाव कागदावर वाचतो.
काय आहे ते?
मी वाचलं. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं,
दुसऱ्यांदा बरोबर.

अन्विता भोईर त्यांच्यानंतर.
इथल्याच सरकारी दवाखान्यात जन्मलेली, आता अठरा पूर्ण,
म्हणून बापाच्या व्हिसाचा कागद नव्याने.
हातात नागरिकशास्त्राचं पुस्तक, दुपारी पेपर.
काका, भारतात मी एकूण दोनशे अकरा दिवस राहिलेय.
मोजलेत.
आणि प्रश्न येणार, चांगला नागरिक कोणास म्हणावे, गुण पाच.
उत्तर पाठ आहे.
पण खरं लिहायचं तर काय लिहू?
मला सुचलं नाही.
तिच्या मागच्या बाकावर कोणीतरी विचारत होतं,
कोणीतरी हात वर करत होतं.
मी म्हटलं, आधी चांदणीचा रकाना भरू.

साडेबाराला रोल आला.
यंत्राने बत्तीस नंबरची चिठ्ठी बाहेर काढली,
ती तशीच लोंबत राहिली पंख्याच्या वाऱ्यात.

रात्री शटर ओढायची वेळ झाली.
सगळ्यात मागे राहिलेला क्वेकू,
त्याचं काम होऊन गेलेलं, तरी दाराशी रेंगाळत होता.
काय रे?
म्हणाला, माझ्यामागे कोणी आलंच नाही.
आता कोणाला सांगू?

मी म्हटलं, मी आहे तुझ्यामागे.
माझाही फॉर्म भरायचाय.
मार्चमध्ये संपतो.