कूळ लागत नाही

शार्दूल दिंडोरीच्या बागेतून दोघांना घेऊन आला,
छाटणीसाठी बोलावलेले पाहुणे :
ओर्ला आयर्लंडची, एनेको बास्क.
म्हणाला, काका, यांचा वाद मिटवा एकदाचा.
दोघांच्या भाषा एका घरच्या का?
एकाच समुद्राच्या अंगाला राहतात,
दोन्ही म्हाताऱ्या,
दोन्हींपायी पोरांनी शाळेत छड्या खाल्ल्यात.

मी रामकुंडावरचा उपाध्याय.
वह्या खारव्यात बांधलेल्या,
त्यांत नाव, गाव, कोण कोणाचा मुलगा,
आणि सहीच्या जागी बहुतेक अंगठे.
भाषेचं कूळ कधी काढलं नव्हतं.
पण रीत तीच असणार :
गाव विचारू नये आधी, गावं बदलतात.
घरात रोज काय म्हणता, ते विचारावं.

आकडे मोजा, म्हटलं.

ओर्ला मोजायला लागली
आणि त्री म्हणाली तेव्हाच मी चष्मा काढला.
सातला शाख्त, आठला ओख्त,
नऊला नी, दहाला देह.
अगं, तू तर आमच्यातलीच!
फार मागे पांगलेली चुलत शाखा,
मध्ये कितीतरी पिढ्यांची पानं वाळवीने खाल्लेली,
तरी हाडांत तीच ठेवण.
ती हसली. तिला वाटलं मी दक्षिणेसाठी गोड बोलतोय.

मग एनेको.
बात, बी, हिरू, लाऊ, बोस्त, सेइ
'सहा!' शार्दूल ओरडला.
थांब रे. एका आडनावावर सोयरीक ठरते का?
सास्पी, सोर्त्सी, बेदेरात्सी, आमार.
मी पुन्हा म्हणायला लावलं. सावकाश.
खालच्या पायरीवर भांडी घासणारी काशीबाई थांबली.
थकलास का विचारलं तर तो म्हणाला 'बाइ',
म्हणजे हो,
आणि काशीबाई म्हणाली, काय?

ना ओर्लाशी, ना माझ्याशी.
इतरांचीही पानं चाळली, जेवढी मला ठाऊक.
कूळ लागत नाही.

तो म्हणाला, पण मासा?
नदीतून उलट चढणाऱ्या माशाला आम्ही इसोकिन म्हणतो,
तो शब्द म्हणे तिच्याच जुन्या लोकांकडून आला.
आला असेल, म्हटलं.
शेजारणीची वाटी घरात वर्षानुवर्षं राहते,
तिच्यावर नावही कोरलेलं असतं तिचं,
म्हणून ती काही बहीण होत नाही.

शार्दूलला तेवढ्यात बाग सुचली :
खाली खुंट डॉगरिजचा, वर डोळा थॉमसनचा,
दोन बहार गेले की लोकांना सांधा दिसत नाही.
एनेकोनं अंगठा हवेत फिरवला, जणू खोडावरून,
म्हणाला, मला दिसतो.

मग त्याने तो प्रश्न विचारला
जो या घाटावर माझ्या आजोबांनाही कुणी विचारला नसेल :
मग मला कुठे लिहिणार?

गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावं,
ही सोय आहे आमच्याकडे.
हजारोंना सांगितली मी, बिनदिक्कत.
तोंडाशी आली होती.
पण समोर हा माणूस
वेलीचं गाठोडं पाठीवर असावं तसा वाकून बसलेला,
त्याची भाषा बाकीचे यायच्या आधीपासून तिथेच,
आणि मी तिला कोणाच्या ओसरीवर नेऊन बसवू?

आडनाव काय तुझं?
एचेबेरिया.
म्हणजे?
एचे घर, बेरी नवं.

मी हसलो तर त्याला कळेना.
वही उघडून दाखवली :
नवघरे, मौजे शिंदे, तीन पिढ्या.
नातं नाही हं, म्हटलं. शपथेवर सांगतो, नाही.
फक्त त्यांनीही कधीतरी घर बांधलं होतं.

नवं पान काढलं.
वडिलांचं नाव त्याने सांगितलं, आजोबांचंही.
त्यावर रेघ ओढायची रीत,
ती मात्र
ओढली नाही.