पाव इंच

गळती आधी नाकाला कळते.
शेडचं दार सरकवलं की पेट्रोलचा वास,
आणि लाल ट्रॅक्टरखाली, गेल्या वर्षीच्या पुठ्ठ्यावर
एक ओला गोल.
"फ्लोट," तातो म्हणतात,
उलट्या बादलीवर बसून.

सस्कॅचेवानचा एप्रिल. कुंपणाच्या सावलीत अजून बर्फ.
रेजायनाहून भाऊ फोनवर म्हणाला, विकून टाका ते धूड.
तातोंना ऐकू आलं नाही.
किंवा आलं.

चार स्क्रू काढून वाटी उतरवते.
तळाला गंजाचा गाळ, माशीचा एक पंख,
वर पितळेचा पोकळ फ्लोट,
हाताला जरा जास्तच जड.
"हलव."
हलवते. आत चुळूक.
चाळीस हंगाम इंजिनाशेजारी गेलेले त्यांचे कान,
म्हणून ते फ्लोट दातांत धरतात
आणि नकार द्यावा तशी मान हलवतात.
"आहे. आत आहे."

आईच्या बोर्श्टच्या पातेल्यात किटलीतलं पाणी.
(ती असती तर दोघांनाही बाहेर काढलं असतं.)
तरंगण्यासाठी केलेली वस्तू
बुडवून धरायला जोर लागतो.
सांध्याजवळ एक बुडबुडा.
बराच वेळ काही नाही.
मग दुसरा.
नखाने खूण करते.

आतला शेवटचा थेंब उडून जाईपर्यंत
डाख द्यायचा नाही.
शेजारच्या नेस्टरच्या भुवया कशा गेल्या
ते मी पुन्हा ऐकून घेते.

"कमी," ते म्हणतात. "अजून कमी."
डाखाचंही वजन असतं.
जड फ्लोट खाली बसतो, सुई उघडी राहते,
नीट बुजवलेल्या भोकापायी
ट्रॅक्टर पुन्हा गळतो.
मी कानस घेते,
लावलेल्यातलं अर्धं खरवडते.

मग झाकण उलटं.
फ्लोटखाली पाव इंची ड्रिलची दांडी,
अडकायला नको, खुळखुळायला नको.
पितळेची इवली जीभ केसभर वाकवते.
फार झालं. परत.
तातो बघत नाहीत, दाराबाहेर बघतात,
आणि तरी बरोबर त्या क्षणी म्हणतात, "बास."

कोरडा पुठ्ठा सरकवून मी कॉक उघडते.
ते वाकून तळहात कार्ब्युरेटरखाली धरतात.
एक मिनिट. दोन.
"पडलं?" मी ओरडून विचारते.

हात तसाच.