फाटकावरून

फाटक उघडायचं आणि लावायचं,
त्रेगेलिनच्या जत्रेत एवढंच माझं काम, गेली अकरा वर्षं.
गवत तुडवून काळं पडलेलं,
चहाच्या तंबूतून तळल्या कांद्याचा वास,
मेंढ्यांच्या रांगेत कुणाचं तरी भांडण,
आणि तेही वेल्शमध्ये, म्हणजे
संध्याकाळपर्यंत पुरणार.

सातवा गट : दहा वर्षांखालची मुलं, हाती धरलेला घोडा.
नेस्टा शेवटून दुसरी.
अंगात भावाचं जाकीट, बाह्या दोनदा दुमडलेल्या,
बुटांना पॉलिश इतकं
की मोज्यांनाही लागलेलं.
आणि घोडी. नाव ब्रिथिल,
ओढ्यातल्या ठिपक्याठिपक्यांच्या माशाला
आमच्या भाषेत म्हणतात तसं.
वय एकोणीस. पाठ झोळीसारखी.
आयाळीच्या वेण्या सतरा.
मोजल्या मी. एक सुटत आली होती.

घोड्याच्या डाव्या अंगाने चालायचं,
हे इथे पोराला दात यायच्या आधी शिकवतात.
नेस्टा उजवीकडून चालली.

दोरीपाशी कुजबुज.
मावशी हातवारे करू लागली, अगं तिकडून, तिकडून!
नेस्टाने बघितलं, नाही म्हणून मान हलवली
आणि उजवीकडूनच पळाली.
घोडी तिच्या खांद्याला नाक टेकून दुडक्या चालीत,
रात्री भिंत चाचपत
आपल्याच घरचा जिना उतरावा तशी :
भीती नाही,
हात मात्र सोडायचा नाही.

परीक्षक प्रोथेरो, पलीकडच्या खोऱ्यातले, कमी बोलणारे.
डावीकडे गेले.
घोडीच्या डोळ्यासमोर हात नेला.
पापणी लवली नाही.

"कधीपासून?"

"मार्च. कुंपणाची तार लागली."
मग जरा थांबून,
"मी त्या बाजूला गेले की ती उभीच राहते. मला शोधत."

पुढचं वाऱ्याने नेलं.

लाल फीत दुकानदाराच्या मुलाला,
निळी, पिवळी कुणाला ते आठवत नाही.
नेस्टाला हिरवी, चौथी.
नियम तो नियम, आणि प्रोथेरो
नियमातले.
पण फीत लावताना हात सवयीने डावीकडे गेला,
घोडी दचकली,
आणि हा माणूस टोपी काढून म्हणाला, "माफ कर हं."
नेस्टाला नाही. घोडीला.

नेस्टाने फीत सोडली, उजवीकडे बांधली,
तिला दिसेल अशी.
ब्रिथिलला दिसली.
तिने मान वळवून निम्मी खाल्ली.

मावशी ओरडली. नेस्टा एवढी हसली
की हसता हसता नाक पुसायला
भावाची बाही कामी आली.

परत निघाल्या तेव्हा मी फाटक उघडलं,
एरवी एका घोड्यापुरतं उघडतो,
आज दोघी शेजारीशेजारी मावतील एवढं.
बिजागरी कुरकुरली. तेल घालायचं राहिलंय
मागच्या वर्षीपासून.

आठवा गट : शेटलंड तट्टं.
लावलं परत.