तबकडीचं परीक्षण, सोमवारच्या अंकासाठी

संपादकांनी तीनशे शब्द सांगितलेत, आणि तारे, पाचपैकी.
ओउलू शहर दुपारी तीनलाच अंधारलंय.
मी तबकडी यंत्रात सारतो, इर्मेली हातमोजा विणायला घेते,
आणि साइमी लेहतोवारा आमच्या बैठकीच्या खोलीत
पंचावन्न इंचांत मावून उभी राहते.

चित्र लख्ख. हे आधी लिहून टाकतो.
तिच्या कपाळावरचे घामाचे थेंब मोजता येतात,
त्या रात्री मला एकही दिसला नव्हता.
मी बत्तिसाव्या रांगेत, माझ्यापुढे
पोराला खांद्यावर घेतलेला एक धिप्पाड बाप.
आवाजही चोख. व्हायोलिनं डावीकडे, टाळ्या पाठीमागून.
"ड्रमवाला आपल्या दातांच्या डॉक्टरसारखा दिसतो," इर्मेली म्हणते.
दिसतो. पण ते छापता येत नाही.

छापता येईल ते असं:
कार्यक्रम आइस हॉकीच्या सभागृहात झाला.
बर्फावर फळ्या अंथरलेल्या, फळ्यांवर आम्ही, सहा हजार,
आणि गारठा बुटांच्या तळव्यांतून वर चढत होता,
घोटा, पोटरी, गुडघा,
उधारी वसूल करायला आलेल्या माणसासारखा,
कसलीच घाई नसलेला.
पडद्यावर आमच्या तोंडची वाफ दिसते.
ज्याला ठाऊक नाही त्याला वाटेल, धूर सोडलाय,
बराच खर्च केलाय.

चौथं गाणं. इथे मी रिमोट उचलतो.
पियानोवरचा पाण्याचा पेला काठोकाठ.
मग गिटारवाल्याचे बूट. उगाच, बराच वेळ, बूट.
मग पुन्हा ती, आणि पेला अर्धा.
मागे नेतो, पेला भरतो.
पुढे नेतो, उतरतो.
"पुरे," इर्मेली.
पुन्हा मागे.

कारण मी तिथे होतो.
दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी तिला शब्द सापडेना.
वादक त्याच वळणावर दोनदा फिरून आले,
मग एकेक करून गप्प झाले.
अकरा सेकंद.
सहा हजार माणसं आणि फळ्यांखाली कुरकुरणारा बर्फ.
ती पाणी प्यायली.
वरच्या सज्जातून एक बाई ओरडली,
मासळीच्या कारखान्यातली असावी, अंगात अजून कामाचा झगा.
तिने शब्द सांगितला.
चुकीचा. भलत्याच गाण्यातला.
आणि साइमी हसली,
गाणाऱ्या बायका लोकांकडे बघून हसतात तसं नव्हे,
स्वयंपाकघरात दूध उतू गेल्यावर हसतो तसं.
मग गायली.

त्यानंतरचं सगळं तबकडीत आहे.
ते कशानंतरचं आहे, तेवढं नाही.

निर्मात्यांना फार बोलत नाही.
पाहुणे येणार म्हटल्यावर आपणही
पलंगाखाली ढकलतोच काहीबाही.
पण दुकानदाराने वजनात मारलं
तर तराजूकडे बोट दाखवतोच ना आपण?

आणि एक, हेही छापण्यासाठी नाही:
त्या अकरा सेकंदांत एक खोकला होता.
कोरडा. दोनदा. माझा.
सहा हजारांपुढे झालेला माझा एकमेव कार्यक्रम.
लग्नाला सव्वीस वर्षं झाली, इर्मेलीला सांगत आलोय,
तिचा विश्वास नाही. म्हणूनच तर
ही तबकडी मागून घेतली होती संपादकांकडून.
"पुरावा कशाला हवा," सुई न थांबवता ती म्हणते,
"खोकतोस की रोज."

पुरवणीत अठरा मिनिटांची मुलाखत आहे.
पाण्याबद्दल साइमी अवाक्षर काढत नाही.

तारे: चार लिहिले. खोडले. साडेतीन.
अर्धा खोडला, मग पुन्हा काढला.
पडदा आता पहिल्या पानावर आलाय:
ती मान वळवते, केस उडतात,
मान वळवते, तेच केस उडतात,
इर्मेली ओठांतल्या ओठांत टाके मोजतेय,
आणि यंत्र बंद करायला कुणीच उठत नाही.

दोनशे ब्याण्णव शब्द झाले.
आठ उरलेत.
घसा खवखवतोय.