ऑगस्टची पिल्लं

वाल्पाराइसोच्या टेकडीवर
ऑगस्ट म्हणजे मांजरांचा महिना.
दिवस बोटभर लांबतो,
आणि पत्र्याच्या छपरांवर रात्रभर
कुणी कुणाचा गळा दाबावा तसा ओरडा.
दोन्या एदुविहिस उशी कानावर घेत नाही.
एकेचाळीस वर्षं सुईणपण केलंय तिनं.
ओरड्या-ओरड्यातला फरक तिला कळतो.

तिची तिरंगी सार्दिना
पहिल्या रात्री न्हाव्याच्या करड्या बोक्याबरोबर दिसली,
दुसऱ्या रात्री कान फाटलेल्या काळ्याबरोबर,
तिसऱ्या रात्री बंदरावरचा तो पिवळा,
ज्याला मासळीवाले महापौर म्हणतात.

बाईचं बीज सुटतं महिन्याच्या हिशेबानं.
मांजरीचं वाट बघतं.
बोक्याचा काटा टोचला की मगच सुटतं,
तेही एक नाही, मूठभर.
मग पुढच्या रात्री आलेल्यालाही
कोण नाही म्हणणार?

ऑक्टोबरात, त्रेसष्टाव्या दिवशी,
इस्त्रीच्या कपड्यांच्या टोपलीत, टेबलक्लॉथवर,
पाच.
एक करडं पट्ट्यांचं, दोन काळी, एक पिवळा,
आणि एक मादी अशी
की रंगाऱ्यानं ब्रश तिच्यावरच पुसले असावेत.

यास्ना, नात, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला,
पावाचा घास तोंडात ठेवूनच समजावते:
हिच्या पेशीपेशीत दोन हुकूम, आजी,
एक काळ्याचा, एक पिवळ्याचा.
पोटात असतानाच प्रत्येक पेशीनं
एकाचं तोंड बंद केलं.
कुणाचं, ते कुणी ठरवलं नाही.
म्हणून गालफड काळं, भुवई पिवळी.
आणि बाप एक नसणार हां,
दोन तरी, तीनही असतील.

आजी चहात साखर ढवळत राहते.
विरघळून गेली तरी ढवळते.
तिचेही चार. तिसऱ्याचे डोळे हिरवे.
सासू सुनिल्दा मरेपर्यंत
बोटांवर महिने मोजत होती,
जहाज कधी सुटलं, कधी लागलं.
नवरा मात्र हिरव्या डोळ्यांच्यालाच
खांद्यावर घेऊन बंदर दाखवायला न्यायचा.

सहाव्या दिवशी टोपली रिकामी.
मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात,
पण इथे घरं एकावर एक रचलेली,
सातव्यापर्यंत पोचायला दीडशे पायऱ्या.
तिसऱ्या घरातच दमली बिचारी,
ओलेगारियो न्हाव्याच्या टॉवेलांत.

तो आला, तळहातावर करडं घेऊन:
दोन्या, हे माझ्या बोक्याचं, हे मी ठेवतो.
बाकीची तुमची तुम्ही बघा.

तिनं चष्मा लावला, पिल्लू उजेडात धरलं.
डोळे नुकते फटीएवढे उघडलेले,
निळे. पाचांचेही निळेच असणार,
या वयात सगळ्यांचे असतात.

परत ने, म्हणाली, आईपाशी ठेव.
रंग अजून यायचाय.
महिन्याभरानं ये, आणि येताना
मासळीची डोकी आण.
पाचांसाठी.